हम (इलेक्ट्रिक गिटारमधील)

इलेक्ट्रिक गिटारची एकही तार न छेडता अँप्लिफायरमधून अखंड येणारा खर्जातला घुमारा. त्याचा उगम बहुतेक वेळा घरातल्या विजेत असतो. भारतात वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने इथला हम ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटींतला, विशेषतः १०० हर्ट्झचा असतो. अमेरिकेत तो ६० आणि १२० हर्ट्झचा असतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा जी हा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. त्यामुळे भारतातल्या वादकाला १०० हर्ट्झचा हम या जीपेक्षा किंचित चढा ऐकू येतो, आणि दोष शोधताना ही ओळख फार उपयोगी पडते. हमबरोबर पुष्कळदा वरच्या पट्टीतली करकर मिसळलेली असते. दुरुस्तीच्या दुकानांत दोन्हींना सरसकट हमिंग म्हणतात. मात्र त्यांची कारणे वेगळी आहेत आणि इलाजही वेगळे.

कारणे : पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले तारेचे वेटोळे. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये सुमारे ०.०६ मिमी. जाडीच्या तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युत् दाब निर्माण होतो. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याची मोटर यांच्याभोवतीही सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र असते आणि त्यानेही वेढ्यांत तसाच दाब निर्माण होतो. म्हणून एकेरी वेटोळ्याच्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपचा हम हा बिघाड नव्हे. त्या रचनेतच तो आहे. नव्या गिटारीत तो ऐकून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नसतो.

करकर येते ती विद्युत् क्षेत्रातून. आवरण नसलेल्या आतल्या वायरी आणि खुद्द वादकाचे शरीर हे अँटेनासारखे काम करतात. दिव्याचा किंवा पंख्याचा डिमर, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर हे तिचे नेहमीचे स्रोत. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांतले स्वस्त प्रकार साइन तरंगाऐवजी चौकोनी तरंग देतात. अशा तरंगात वरच्या वारंवारता भरपूर असल्याने, वीज गेली आणि सराव इन्व्हर्टरवर चालू राहिला की करकर वाढते.

निदान : हमसाठी पिकअप बदलण्याची घाई सर्वत्र दिसते, आणि ती बहुतेकदा वाया जाते. आवाजाची वाट अँप्लिफायरपासून उलटी गिटारपर्यंत तपासत यावी. गिटारची केबल काढूनही हम राहिला तर दोष अँप्लिफायरमध्ये आहे. तो १०० हर्ट्झचा असेल, तर पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता मोठी. (पुष्कळ अँप्लिफायरांत प्लग नसताना इनपुट आपोआप शॉर्ट होते, त्यामुळे ही तपासणी पुरी व्हायला गिटार लावून तिचा व्हॉल्यूम शून्यावरही आणून पाहावा.) व्हॉल्यूम शून्यावर असताना आवाज राहिला, तर केबल किंवा जॅक संशयित. स्पीकरची केबल गिटारला जोडल्याची उदाहरणे नेहमी आढळतात. तिच्यात आवरणाची जाळी नसल्याने ती हमला मोकळी वाट देते.

व्हॉल्यूम वाढवताच हम येत असेल, तर गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरावे. एखाद्या दिशेला हम जवळजवळ नाहीसा होत असेल, तर तो चुंबकीय आहे. अशा वेळी अँप्लिफायरपासून दोन-तीन मीटर लांब सरकणे आणि ती दिशा धरून बसणे हा बिनखर्ची उपाय आहे. स्टुडिओत मुरलेले वादकही हेच करतात. फिरल्याने फरक पडत नसेल, तर तारांना हात लावावा. आवाज कमी झाला तर ब्रिजपासून आलेली अर्थची वायर शाबूत आहे. हात लागताच वादकाचे शरीर अर्थ होते आणि त्याने उचललेली करकर थांबते. काहीच फरक पडला नाही, तर ती वायर ब्रिजखाली सुटलेली असते. हात लावल्यावर आवाज वाढला, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या असण्याची शक्यता जास्त. गिटार उघडल्यावर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवरचे डाख आधी पाहावेत. पॉटची पाठ उष्णता शोषून घेते, त्यामुळे कमी वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दिलेला डाख वरवरच चिकटतो आणि काही महिन्यांत सुटतो. पिकअपचा रोध मल्टिमीटरवर साधारण ५ ते ९ किलोओहम दाखवायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल, तर वेटोळे तुटले आहे.

शिल्डिंग : गिटारच्या पोकळीत तांब्याची फॉइल चिकटवून किंवा ग्रॅफाइटचा वाहक रंग लावून ते आवरण अर्थला जोडतात. याने करकर चांगली कमी होते, सिंगल कॉइलचा हम मात्र जात नाही. तांब्यात ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र ९ मिमी.च्या आसपास खोल शिरते आणि फॉइल मिलिमीटरच्या अंशाइतकीच जाड असते. शिल्डिंगमुळे वरचे स्वर मंदावतात की नाही, याबाबत कारागिरांत एकमत नाही.

अर्थिंग : अँप्लिफायर आणि त्याला जोडलेला लॅपटॉप वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर दोन अर्थच्या वाटा मिळून एक वळसा तयार होतो आणि त्यातून हम येतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घेतल्याने तो बहुधा जातो. न गेल्यास विलग करणारा ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरावा. अर्थची पिन कापणे किंवा तिच्यावर टेप गुंडाळणे हा उपाय सर्रास सांगितला जातो आणि तो जीवघेणा आहे. गिटारच्या तारा अँप्लिफायरच्या धातूच्या चौकटीशी जोडलेल्या असतात. आत बिघाड होऊन चौकटीत वीज उतरली, तर ती थेट वादकाच्या बोटांपर्यंत येते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे रंगमंचावर अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे पुष्कळदा अर्थची वायरच नसते. ते वायरमनकडून तपासून घेणे पिकअपच्या कोणत्याही कामापेक्षा निकडीचे आहे.

हमबकर : दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडली आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलटे ठेवले, तर बाहेरचा हम दोघांत विरुद्ध येऊन मिटतो. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटल्यामुळे एकत्र जोडला जातो. ही कल्पना १९३० च्या दशकातल्या पेटंटांत आढळते. गिटारमध्ये ती रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः गिब्सन कंपनीच्या कॅलामझू इथल्या कारखान्यातल्या सेथ लव्हरला दिले जाते. ग्रेच कंपनीसाठी रे बट्स त्याच सुमारास असेच पिकअप बनवत होता, त्यामुळे पहिले कोण हा वाद मिटलेला नाही. लव्हरचा अर्ज २२ जून १९५५ चा आहे. १९५७ पासून हे पिकअप लेस पॉल गिटारवर आले आणि २८ जुलै १९५९ रोजी पेटंट क्रमांक २,८९६,४९१ मिळाला. मधल्या काळातल्या पिकअपांवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असे आणि आज संग्राहक त्यांना मोठी किंमत मोजतात. पुढच्या चिठ्ठ्यांवर छापलेला क्रमांक २,७३७,८४२ हा पिकअपचा नव्हे, लेस पॉलच्या टेलपीसचा आहे. नक्कल करणाऱ्यांची दिशाभूल व्हावी म्हणून तो छापला, असे एक मत आहे. पिकअपवरच्या झाकणासाठी लव्हरने जर्मन सिल्व्हर निवडले. त्याचा विद्युत् रोध पितळेपेक्षा जास्त असल्याने झाकणात भोवऱ्यासारखे प्रवाह कमी वाहतात आणि वरचे स्वर टिकतात. शिवाय त्याला डाख सहज देता येतो. हमबकरची दोन वेटोळी सारखी नसतील तर हम पुरता मिटत नाही, आणि स्विचने एक वेटोळे बंद केले की तो परत येतो.

इतर रचना : फेंडरच्या जॅझ बेसचे (१९६०) दोन पिकअप एकमेकांच्या उलट असल्याने दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवल्यास हम मिटतो. स्ट्रॅटोकास्टरच्या अनेक आधुनिक प्रकारांत मधले पिकअप उलट असते. तिथे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी शांतता मिळते. अलेम्बिक कंपनीच्या बेस गिटारांत हम मिटवण्यासाठी चुंबक नसलेले स्वतंत्र वेटोळे बसवतात. एकावर एक वेटोळी रचलेली ‘नॉइजलेस’ पिकअप बाजारात अनेक आहेत. त्यांचा स्वर मूळ सिंगल कॉइलसारखा येतो की नाही, यावर मतभेद आहेत.

नॉइज गेट : वादन थांबल्यावर आवाज बंद करणारे उपकरण. वाजत असताना हम तसाच राहतो.