बोटभर पाणी

नरकचतुर्दशीची पहाट ही पाण्याची पहाट. एरवी आंघोळीला टंगळमंगळ करणारी मुलेसुद्धा त्या दिवशी अंगाला तेल-उटणे चोळून घेऊन मुकाट्याने पाटावर येऊन बसतात. आमच्या वाशीत आता तांब्याचे बंब उरले नाहीत आणि न्हाणीघराची जागा चिमुकल्या मोरीने घेतली आहे. तरी पहिला तांब्या डोक्यावरून ओतला गेला, की अंगावर शहारा येतो तो जुनाच. अशाच एका दिवाळीच्या तोंडावर, २०२३ साली, गोव्यातल्या एका तलावातून एक बत्तीस वर्षांचा पुरुष शर्यत जिंकून शेवटचा बाहेर आला. त्याची हकीकत सणाच्या दिवशी सांगण्यासारखी आहे, म्हणून ती येथे मांडतो.

वाशीकरांना खरे म्हणजे पाण्याचे नवल वाटू नये. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली खाडीवर पूल झाला, आणि मग येथे शहर उभे राहिले. त्यापूर्वी या काठाला आगरी-कोळ्यांची गावे होती, मिठागरे होती, भाताची खाचरे होती. इथल्या पोरांना पोहायला शिकविण्यासाठी गुरू नेमावा लागत नसे; भरतीचे पाणीच ते काम करी. देशावर हेच काम विहिरींनी केले. पाठीला सुका भोपळा बांधून काकाने किंवा मामाने विहिरीत ढकलले, नाकातोंडात पाणी गेले, चार दिवसांनी भोपळा सुटला, की पोरगे पोहायला शिकले. पण त्या पोहण्याला कोणी घड्याळ लावले नव्हते. पलीकडच्या काठाला हात लागला एवढे पुरे असे. किती वेळात लागला, हे विचारायला कोणाला सवड होती?

ते विचारणे आपल्याकडे हळूहळू आले. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा सचिन नाग या बंगाली जलतरणपटूने १०० मीटरची मुक्त पद्धतीची शर्यत जिंकली, आणि त्या स्पर्धांतले भारताचे पहिले सुवर्णपदक पाण्यातून वर आले. महाराष्ट्राच्या वाट्याला असा क्षण १९७२ साली आला, आणि तोही फार वेगळ्या वाटेने. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे मूळचे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांच्या शरीरात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. आणि जर्मनीतील हायडेलबर्ग येथे, अपंगांच्या जागतिक स्पर्धांत, ५० मीटरची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी सुवर्णपदक आणि जागतिक उच्चांक दोन्ही मिळविले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली. म्हणजे पन्नास मीटर पोहायला लागली सदतीस सेकंदे, आणि त्याची दखल घ्यायला शेचाळीस वर्षे!

हीच पन्नास मीटरची शर्यत पुढे कोल्हापूरच्या एका मुलाने आपली म्हटली. वीरधवल खाडे त्याचे नाव. जुन्या वाचकांना हे नाव ऐकताच नाथमाधवांची कादंबरी आठवेल. त्याचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. कोल्हापूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तालीम उभी राहते, लाल माती उभी राहते. परंतु त्याच गावाला पंचगंगा आहे, रंकाळा आहे, हे आपण विसरतो. वीरधवल लहानपणीच पाण्यात रमला आणि पुढे बंगळूरला निहार अमीन यांच्या हाताखाली तयार झाला. २००८ च्या ऑगस्टमध्ये बीजिंगच्या ऑलिंपिक तलावात तो उतरला, तेव्हा त्याला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत आपल्या गटात तो ५०.०७ सेकंदांत पहिला आला. पुढच्या फेरीत जाण्यास तेवढे पुरले नाही. पण शाळकरी वयाचा एक मराठी मुलगा ऑलिंपिकमध्ये आपल्या ओळीतल्या सगळ्यांच्या पुढे भिंतीला हात लावतो, हे दृश्य काही लहान नव्हते.

दोन वर्षांनी, २०१० साली, चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत त्याने ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांत पोहण्यातले आपले त्याआधीचे पदक होते १९८६ चे, सोल येथे खजानसिंगांनी मिळविलेले रौप्य. मधल्या चोवीस वर्षांत एकही नाही. देशाला आनंद झाला. २०११ साली अर्जुन पुरस्कार आला, आणि महाराष्ट्र शासनाने या गुणी मुलाला तहसीलदार केले.

येथे थोडे थांबू या. आपल्याकडे कर्तबगारीचे कौतुक करण्याची एक जुनी रीत आहे. जो पराक्रम करील त्याला वतन द्यावे, इनाम द्यावे, जमीन लावून द्यावी. आज वतने गेली, त्यांच्या जागी नोकऱ्या आल्या. या रीतीत प्रेम आहे आणि शहाणपणही आहे. कारण खेळाडूचे वय उतरल्यावर त्याला विचारणारा कोणी नसतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे. मध्यमवर्गातल्या कोणत्या आईला मुलाच्या हाती तहसीलदारीचा हुकूम पाहून समाधान वाटणार नाही? परंतु वतन मिळाले म्हणून तलवार म्यान करावी लागत नसे. नोकरीचे तसे नाही. सातबारा, वसुली, दाखले, निवडणुका यांचा दिवस सकाळी उजाडतो तो रात्री मावळतो. आणि पोहणाऱ्याला तर पहाटेही पाणी हवे आणि संध्याकाळीही. चार दिवस पाण्याबाहेर राहिले तर तळव्याला पाण्याची पकड लागेनाशी होते, असे पोहणारे सांगतात. येथे तर वर्षे गेली. ऐन विशी-बाविशीची, म्हणजे शरीर सर्वांत जास्त देऊ शकते ती. ज्या कौतुकाने त्याच्या उद्याची सोय केली, त्यानेच त्याचा आज मागून घेतला. यात कोणा एकाला दोष देता येत नाही, हेच त्यातले दुःख.

बहुतेकांची कथा येथे संपते. भिंतीवर पदक, कपाटात वृत्तपत्रांची कात्रणे, आणि समारंभात शाल-श्रीफळ. वीरधवलने मात्र पुन्हा पाण्याची वाट धरली. पुनरागमन हा शब्द आपण सहज उच्चारतो; पण पोहण्यात ते किती अवघड, हे मोठमोठ्यांनी अनुभवले आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकून अमेरिकेचा मार्क स्पिट्झ बाविसाव्या वर्षी निवृत्त झाला. जवळजवळ वीस वर्षांनी, १९९२ च्या ऑलिंपिकसाठी त्याने परत येण्याचा प्रयत्न केला, तर निवड-चाचणीला उतरण्याची वेळही त्याला गाठता आली नाही. पाणी जुनी ओळख ठेवीत नाही.

आणि तरीही काहींना ते परत घेते. स्पिट्झच्याच देशातला अँथनी अर्विन २००० साली एकोणिसाव्या वर्षी ५० मीटरचे सुवर्णपदक जिंकला, बावीस-तेविशीतच त्याने पोहणे सोडले आणि आपल्या किनाऱ्यांवरही ज्या त्सुनामीने आकांत केला, त्यातील पीडितांसाठी ते पदक विकून टाकले. पुढे तो परतला, आणि २०१६ साली, पस्तिसाव्या वर्षी, तीच शर्यत पुन्हा जिंकला. वेळ २१.४० सेकंद, दुसऱ्याची २१.४१. बीजिंगमध्ये वीरधवल पोहत होता त्याच स्पर्धेत एक्केचाळीस वर्षांची डारा टोरेस ही लेकुरवाळी स्त्री ५० मीटरच्या शर्यतीत दुसरी आली. पहिलीची वेळ २४.०६, हिची २४.०७. एकाला सेकंदाच्या शंभराव्या भागाने तारले, दुसरीला त्यानेच अडविले.

हा शंभरावा भाग म्हणजे तरी किती? ५० मीटरला साडेबावीस सेकंदे लागत असतील, तर सेकंदाच्या शंभराव्या भागात पोहणारा सव्वादोन सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे एक बोट, आपल्या जुन्या मापात फार तर एक अंगुळ. याहून बारीक मोजण्याचाही एकदा प्रयत्न झाला होता. त्याच म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या एका शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी एकाच वेळी पोचले असे दिसले. यंत्राने सेकंदाचा हजारावा भाग मोजून दोन सहस्रांशांनी लार्सनला सुवर्णपदक दिले. मागाहून लक्षात आले, की तलाव बांधताना दोन रांगांच्या लांबीतच याहून जास्त फरक पडू शकतो. म्हणजे पोहणाऱ्याऐवजी गवंड्याला पदक द्यायचे! तेव्हापासून शंभराव्या भागाच्या पलीकडे मोजायचे नाही असे ठरले. अर्विनचे २००० सालचे सुवर्णपदकही या नियमामुळे दोघांत वाटले गेले होते.

आता २०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ताला जाऊ. आशियाई स्पर्धा, ५० मीटर मुक्त पद्धत. वीरधवल सत्ताविशीच्या उंबरठ्यावर. सकाळच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांची वेळ दिली. हा नवा राष्ट्रीय उच्चांक होता. जुना उच्चांक २२.५२ चा, आणि तो २००९ साली त्याचाच होता. म्हणजे मध्ये कचेरीची वर्षे गेलेल्या या पुरुषाने, ज्याला दुसरे काही काम नव्हते अशा स्वतःच्याच पोरवयाला मागे टाकले. नऊ वर्षांत नऊ शतांश!

संध्याकाळी अंतिम शर्यत झाली. वीरधवलची वेळ २२.४७. तो चौथा आला. तिसऱ्या आलेल्या जपानच्या पोहणाऱ्याची वेळ होती २२.४६. सकाळी पोहला तसा संध्याकाळी पोहला असता, तर कांस्यपदक त्याचे होते. बोटभर पाणी आडवे आले. ते बोट कोठे गेले? उडी मारताना, की भिंतीकडे हात टाकताना? की त्याआधी कैक वर्षे, एखाद्या तालुक्याच्या गावी, फायलींच्या ढिगाऱ्याआड? हा हिशेब कोणत्याही घड्याळाला मांडता येणार नाही. पण तो मांडावासा वाटतो खरा.

दोन वर्षांनी साथ आली आणि देशातले तलाव बंद झाले. आता कदाचित निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे त्याने २०२० च्या जूनमध्ये जाहीरपणे म्हटले. टोकियोचे ऑलिंपिक हुकले. तरीही तो थांबला नाही. २०२३ च्या आशियाई स्पर्धांतही तो उतरला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी गोव्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या. पणजीच्या कांपाल भागातल्या तलावात त्याने महाराष्ट्रासाठी ५० मीटरची शर्यत जिंकली. स्त्रियांमधली हीच शर्यत जिंकली ऋजुता खाडे हिने. ती त्याची पत्नी. देशातला सर्वांत वेगवान पुरुष आणि सर्वांत वेगवान स्त्री एकाच घरात दिवाळीच्या फराळाला बसणार होती! त्याच स्पर्धेत वीरधवलने स्पर्धात्मक पोहण्याचा निरोप घेतला. वय वर्षे बत्तीस. संसाराच्या मापाने तारुण्य, ५० मीटरच्या मापाने वार्धक्य.

इतिहास लिहिणारे पदकांची यादी करतील, आणि तीत त्याच्या नावापुढे २०१० चे कांस्यपदक असेल. दुसऱ्या खेपेला आशियाई पदक मिळाले नाही, तेव्हा त्या रकान्यात रेघ येईल. आम्हांला मात्र ही दुसरी खेपच मोठी वाटते. पहिल्या खेपेला तो मुलगा होता. पोहणे हेच त्याचे जग होते, आणि पाठीशी वय होते. दुसऱ्या खेपेला पाठीशी काही नव्हते, गमावण्यासारखे पुष्कळ होते, आणि तरीही तो पूर्वीपेक्षा वेगाने पोहला. जिंकणारे इतर पुष्कळांना हरवितात. आपल्याच ऐन उमेदीला हरविणारे विरळा.

आणि आपण? आपल्याकडून एवढे व्हावे, की पुढच्या वीरधवलला आपण खुर्चीही द्यावी आणि पाणीही ठेवावे. इनाम असे असावे, की ज्या गुणासाठी ते दिले तो गुण त्याने नाहीसा होऊ नये.

या दिवाळीनंतर सहा महिन्यांनी मे महिना येईल. वाशीच्या तलावांवर पुन्हा मुलांची झुंबड उडेल. काठावर शिक्षक घड्याळ घेऊन उभे राहतील, आणि एखादे कुडकुडणारे पोर भिंतीला हात लावून वर पाहत विचारील, "सर, किती?" त्याला आकडा जरूर सांगावा. पण उद्या परत ये, हेही सांगायला विसरू नये.