२,१४,७४,८३,६४७ (मूळ संख्या)

२,१४,७४,८३,६४७ : आठवी मेर्सेन मूळ संख्या. २च्या ३१व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी ही दहा अंकी संख्या २^३१ − १ अशी लिहितात. फ्रेंच गणिती मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये, २५७पर्यंतच्या कोणत्या घातांकांना अशा रीतीने मूळ संख्या मिळते, याची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकून आले व ६१, ८९, १०७ राहून गेले; ३१ मात्र अचूक ठरला.

सिद्धता : या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित मोठे आहे. तेथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे, तर सुमारे ४,८०० भागाकार करावे लागतील. लेओनार्ट ऑयलर यांनी ही मेहनत वाचवली. या संख्येला मूळ विभाजक असेल, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यांनी जाणले. त्यामुळे तपासण्याजोगे विभाजक शंभराहूनही कमी उरले. पहिला ३११, त्याने भागल्यास बाकी ३५ उरते. पुढचे १३०३ व १४८९. त्यांनीही भाग जात नाही. एकही विभाजक न सापडल्याने संख्या मूळ ठरली. बर्नुली यांना लिहिलेल्या व १७७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात ऑयलर यांनी हा निष्कर्ष कळवला.

परिपूर्ण संख्या : हिला २^३० ने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या) मिळते. असल्या संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. त्यामुळे याहून मोठी कोणी शोधणार नाही, असे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये म्हटले होते. १८७६ मध्ये एद्वार ल्युका यांनी २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले आणि तिच्याबरोबर त्याहून मोठी परिपूर्ण संख्याही हाती आली.

दुहेरी मेर्सेन : घातांक ३१ हाही २^५ − १, म्हणजे मेर्सेन मूळ संख्याच आहे. ही साखळी पुढे मात्र तुटते : २,१४,७४,८३,६४७ हाच घातांक घेऊन मिळणाऱ्या संख्येला २९५२५७५२६६२६०३१ ने पूर्ण भाग जातो.

उपयोग : संगणकात चिन्हासह ३२ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी पूर्णांक संख्या आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. या मर्यादेचा संख्येच्या मूळपणाशी संबंध नाही. यादृच्छिक संख्यानिर्मितीत मात्र तो मूळपणाच कामी येतो. पार्क व मिलर यांनी १९८८ मध्ये शिफारस केलेल्या रीतीत आधीच्या संख्येला १६,८०७ ने (७चा ५वा घात) गुणून या संख्येने भागतात व बाकी पुढे घेतात. १ पासून निघाल्यास १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, असा क्रम मिळतो. १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्यावरच तो पुन्हा १ वर येतो.