विहीर दिसायची, बोअर दिसत नाही

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये अण्णांचा फोन आला. "गाडी सांगितलीय. शनिवारी पहाटे येतेय. तू ये." आमच्याकडे 'गाडी' म्हणजे बोअरची गाडी. मी शुक्रवारी रात्रीच पुण्याहून निघालो.

जागा आधीच ठरली होती. पानाड्या येऊन गेला होता. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो रानभर फिरला आणि लिंबाच्या अलीकडे नारळ उभा राहिला. तिथं अण्णांनी दगड ठेवला, हळदीकुंकू वाहिलं. पहाटे गाडी लागली. दोनशे फूट, तीनशे फूट, चारशे फूट. नुसता राखाडी फुफाटा उडत होता. उजाडलं तेव्हा आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. पाण्याचा थेंब नाही. आमच्या रानातला हा तिसरा कोरडा बोअर.

माझं ऑफिसमधलं काम म्हणजे डॅशबोर्ड बनवणं. कुठल्या शहरात किती ऑर्डर अडकल्या, कुठला सर्व्हर थकलाय, हे सगळं लाल-हिरव्या रंगांत दाखवायचं. हजारो मैलांवरच्या मशीनला ताप आला तर मला मोबाईलवर कळतं. पण स्वतःच्या पायाखाली चारशे फुटांत काय आहे, हे मला दाखवता येत नव्हतं. अण्णांकडे निदान नारळ तरी होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. जमिनीखालचं पाणी लोकांनी 'पाहिलं' कसं? आजवर कसं पाहत आले?

पहिली गोष्ट म्हणजे, नारळाला हसून भागत नाही. न दिसणारं पाणी दिसेल अशा खुणांत मांडायचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त दकार्गल नावाचा एक अख्खा अध्याय भूजलावर आहे. कुठलं झाड, त्याच्या कोणत्या बाजूला वारूळ, खणताना कुठल्या रंगाची माती लागते, त्यावरून पाणी किती पुरुष खोल असेल, असे ठोकताळे त्यात आहेत. आमच्याकडे विहिरीची खोली 'परसा'त सांगतात, तो परस म्हणजे हाच पुरुष. त्यातले सगळे ठोकताळे खरे नाहीत. पण विचार आजच्यासारखाच आहे: जे दिसत नाही त्याची वर दिसणारी खूण शोधायची.

नगर शहरात तर न दिसणारं पाणी लोकांच्या रोजच्या जगण्यात होतं. निजामशाहीत शहराला आणि बागांना जमिनीखालच्या नहरींतून, खापरी नळांतून पाणी यायचं. पाणी वरून दिसायचं नाही. दिसायची ती नळाच्या वाटेवर हवेसाठी आणि साफसफाईसाठी ठेवलेली तोंडं. ती एका ओळीत पाहिली की खालचा नळ कुठून कुठं गेलाय ते कळायचं.

खेड्यात मात्र नळ नव्हते, विहिरी होत्या. आणि माझ्या मते विहीर हाच जमिनीखालच्या पाण्याचा सगळ्यात जुना आलेख आहे. पायऱ्या उतरत्या, पाण्याची रेघ कधी वर, कधी खाली. पोळ्याला पाणी कुठल्या पायरीला आहे, संक्रांतीला कुठं आहे, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असायचं. शेजाऱ्याच्या विहिरीतही वाकून बघता यायचं. त्याची मोट जास्त चालली आणि आपलं पाणी उतरलं, तर ते डोळ्यांनी दिसायचं. भांडणं व्हायची, पण दिसणाऱ्या गोष्टीवरून व्हायची.

आता खालचा खडक समजून घेऊ, कारण आपली फसगत तिथं होते. नगर जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. काही थर सच्छिद्र, काही भेगाळलेले, काही अगदी घट्ट काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत आणि छोट्या पोकळ्यांत. खाली तळं नाही, नदी नाही. पाणी देऊ शकेल अशी जागा या खडकात साधारण शंभरात एक ते तीन भाग.

हा आकडा नीट बघा. दोन टक्के धरले, तर एक मीटर जाडीच्या भिजलेल्या खडकात फक्त 20 मिलिमीटर पाणी असतं. म्हणजे जेमतेम 20 मिलिमीटर पाणी मुरलं की विहिरीची पातळी एक मीटर चढते. ऑगस्टमध्ये विहीर काठोकाठ दिसते ती याच्यामुळे. लोक खूश होतात, कांदा लावतात, ऊस लावतात. आणि तितक्याच झपाट्याने फेब्रुवारीत तळ दिसतो. विहीर खोटं बोलत नव्हती. आपण तिला तळं समजून वाचत होतो.

मग 1972चा दुष्काळ आला. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. ठरवून दिलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची, आधीच्या वर्षांशी ताडून बघायची, हे काम आजही चालू आहे. पण त्याच काळापासून वीजपंप वाढले आणि पुढे बोअरच्या गाड्या आल्या. आजही रस्त्यावर तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या गाड्या दिसतात. दगड फोडत पाचशे फूट जायला एक रात्र पुरते.

इतिहास इथं वळतो असं मला वाटतं. विहिरीचं तोंड वीस-तीस फुटांचं, बोअरचं सहा इंचांचं. त्यात वाकून बघता येत नाही. पाणी किती उरलंय हे मालकालाही कळत नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. मोटर हवा ओढायला लागली की कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. आपण पाण्यापर्यंत जास्त खोल पोचलो आणि त्याच वेळी पाणी दिसेनासं केलं. दिसणारी गोष्ट झाकली गेली, म्हणून आता तिचं चित्र काढावं लागतं.

चित्राने काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण लंडनमधलं आहे, आणि तेही पाण्याच्या पंपाचंच. 1854मध्ये सोहो भागात कॉलरा पसरला. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठल्या घरात झाले ते शोधलं. बहुतेक ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती होते. पंपाचं हँडल काढलं गेलं. डेटावाल्यांच्या प्रत्येक कोर्समध्ये ही गोष्ट 'नकाशाने जीव वाचवले' अशी सांगतात. पण स्नोंचा तो नकाशा हँडल काढल्यानंतर तयार झाला, आणि साथ तोवर ओसरू लागली होती. हँडल निघालं, कारण स्नो आकडे घेऊन स्थानिक मंडळासमोर गेले आणि त्या मंडळाकडे हँडल काढायचा अधिकार होता. निर्णय घेणारी माणसं समोर बसलेली नसती, तर नुसत्या ठिपक्यांनी काही झालं नसतं.

ही गोष्ट मनात ठेवून हिवरे बाजारला या. नगर तालुक्यातलं, शहरापासून जवळचं गाव. पाऊस साधारण 400 मिलिमीटर, कधी त्याहून कमी. पोपटराव पवार 1989-90च्या सुमारास सरपंच झाले, त्यानंतर गावाने डोंगरावर चर खणले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली. हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. गावात पाऊस मोजतात, ठरलेल्या विहिरींची पातळी मोजतात. पावसाळा संपला की ग्रामसभेत हिशोब मांडतात: किती पडलं, किती मुरलं, माणसांना आणि जनावरांना किती, शेतीला किती. आकडे फलकावर लागतात आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरतं.

हिशोब किती सोपा आहे ते करून बघा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. गावाचं क्षेत्र सुमारे 975 हेक्टर. 400 मिलिमीटर पाऊस झाला तर आभाळातून पडलेलं पाणी होतं 390 कोटी लिटर. बरंच उडून जातं, काही वाहून जातं, थोडं मुरतं. आता गावात 1,300 माणसं धरा आणि माणशी रोज 55 लिटर. वर्षाला लागतात साधारण 2 कोटी 60 लाख लिटर.

आणि ऊस? हंगामभर दोन हजार मिलिमीटर पाणी धरलं तर एका एकराला सुमारे 80 लाख लिटर. म्हणजे सव्वातीन एकर उसाला लागतं तेवढ्या पाण्यात तेराशे माणसांचं गाव वर्षभर पितं. हे गणित करताना मी पेन खाली ठेवला होता. आमच्या वाडीत ऊस सव्वातीन एकरांपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि मेमध्ये टँकर येतो.

हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि उसासारखी तहानलेली पिकं टाळली. फलक आणि बंदी ही जोडगोळी आहे. बोअरबंदीमुळे पाणी विहिरीत, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिलं. फलकामुळे त्या पाण्याचा आकडा सगळ्यांचा झाला. बंदी नसती तर फलक म्हणजे नुसता हवामानाचा अंदाज. फलक नसता तर बंदी म्हणजे सरपंचाची सक्ती.

असाच दुसरा प्रयत्न याच जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या पाणलोटाच्या कामात दिसतो. 'ए' आकाराची लाकडी चौकट, मध्ये ओळंबा. ती टेकडीवर पावलापावलाने फिरवायची, दोन्ही पाय एका पातळीत आले की फक्कीची खूण करायची. खुणा जोडल्या की डोंगरावर पांढरी रेघ उमटते. ती समतल रेषा असते, नकाशातली. डोंगरात ती होतीच, पण दिसत नव्हती. ती काढायला शाळा शिकावी लागत नाही. आणि जिनं स्वतः रेघ काढली, तिला चर तिथंच का खणायचा हे समजावून सांगावं लागत नाही.

आता दुसऱ्या टोकाचं चित्र बघा. 2002मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग, साधारण 220 किलोमीटर अंतराने फिरू लागले. खाली वस्तुमान जास्त असेल तर ओढ जास्त, की दोघांतलं अंतर किंचित बदलतं. त्या बदलावरून जमिनीतलं पाणी किती घटलं ते काढता येतं. 2009मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला: राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यातून सहा वर्षांत 109 घनकिलोमीटर भूजल गेलं. लालभडक नकाशा जगभर छापून आला. अफाट काम. पण या उपग्रहांची नजर शेकडो किलोमीटरची. त्यांना आमची वाडी दिसत नाही, लिंबाखालचा कोरडा बोअर तर नाहीच. आणि नकाशा पाहून उद्या मोटर बंद कोण करणार, याचं उत्तर त्यात नसतं.

2019च्या अटल भूजल योजनेत आपला जिल्हाही होता. पाण्याची माहिती गावात जाहीर लावणं हा तिचाच भाग. चांगलंच आहे. पण मी एका गावात असा रंगवलेला फलक पाहिला, त्यावर तीन वर्षांपूर्वीचे आकडे होते. खाली दोघं जण पत्ते खेळत होते. आकडे गावाने मोजलेले नव्हते, म्हणून गावाला ते जुने झाल्याचंही कळलं नव्हतं.

तिसऱ्या बोअरनंतर मी एक साधी गोष्ट केली. आमची जुनी विहीर अजून आहे. चुलतभावाला सांगितलं, दर रविवारी टेप सोडून पाणी किती फुटांवर आहे ते मला पाठव. सवयीप्रमाणे मी त्याचा झकास आलेख बनवला, निळी रेघ, खाली तारखा. दिवाळीत अण्णांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने रेघ मागेपुढे केली. दसऱ्यापासून ती खाली चालली होती.

"ही आपल्या विहिरीची?"

"हो."

"मग खालच्या मळ्याची कुठंय? त्यांचा बोअर चालतो तवाच आपली उतरती."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॅशबोर्डमध्ये मी एकच विहीर घेतली होती, कारण ती आमची होती. खडकाला सातबारा माहीत नसतो. पानाड्याच्या नारळाचीही हीच अडचण होती. तो फक्त 'तुमचं पाणी कुठं आहे' एवढंच सांगतो, 'आपलं किती आहे' ते सांगत नाही.

सध्या सहा विहिरींची मापं येतात. खालच्या मळ्यातल्या काकांनी आधी नकार दिला, मग म्हणाले, माझं पोरगं मोजील, पण आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे. म्हणून मोबाईलमधला आलेख बंद केला. मारुतीच्या पाराशेजारच्या भिंतीवर काळा रंग दिलाय, आकडे खडूने लिहितात. पोरं कधी पुसतात, पुन्हा लिहावे लागतात.

चौथ्या बोअरचा विषय अजून निघतो. अण्णा म्हणतात, आधी मेपर्यंत भिंत बघू.