बैठक आणि बैठका

मराठी भाषेत ‘बैठक’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. लोडाला टेकून, गुडघ्यावर कागद धरून बोरू चालविणाऱ्या कारकुनाच्या आसनाला बैठक म्हणतात. आणि तालमीच्या हौद्याशेजारी उठबस करून मल्ल जो घाम गाळतो, त्या व्यायामालाही बैठकाच म्हणतात. पहिलीत माणूस स्थिरावतो, दुसरीत तोच माणूस हलतो. पुण्याच्या शनिवार पेठेच्या इतिहासात ह्या दोन्ही अर्थांची ओढाताण फार जुनी आहे. बैठ्या वृत्तीच्या माणसाने रोज अंग हलवावे कसे, हा प्रश्न ह्या पेठेपुढे पिढ्यान् पिढ्या उभा राहिला आणि त्याची उत्तरेही निरनिराळ्या पिढ्यांनी निरनिराळी दिली.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. ज्यांनी तो बांधला त्या थोरल्या बाजीरावांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. त्यांना व्यायामाची निराळी आठवण करून देण्याचे कारण नव्हते. परंतु राज्य वाढले तसे दप्तर वाढले. हिशेब, सनदा, पत्रे आणि यादी ह्यांचा डोंगर उभा राहिला आणि वाड्याच्या आसपास लेखणीवर उपजीविका करणारा वर्ग स्थिरावला. ह्या वर्गाचा मुकुटमणी म्हणजे नाना फडणीस. पानिपतच्या रणातून ते जिवानिशी सुटले आणि पुढे चाळीस वर्षे त्यांनी जे कर्तृत्व दाखविले ते तलवारीचे नव्हे, लेखणीचे. लेखणीने राज्य राखता येते हे सिद्ध झाले. पण लेखणीवाल्याचे शरीर कोणी राखावयाचे, हा प्रश्न मागे उरला.

त्याचे पहिले उत्तर आव्हानाच्या रूपाने आले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी अली आणि गुलाब नावाचे दोन परप्रांतीय मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी दरबारापुढे कुस्तीचे आव्हान टाकले. बाळंभटदादा देवधर ह्यांनी ते उचलले व लाकडी खांबावर सराव करून विजय मिळविला, अशी परंपरा आहे. खांबावरच्या कसरतीचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो. परंतु मल्लखांबाला आजचे शास्त्रशुद्ध रूप येण्याचे श्रेय महाराष्ट्र बाळंभटदादांनाच देतो. आव्हान हे मनाला चेतविणारे मोठे साधन आहे ह्यात संशय नाही. मात्र त्यात एक उणीव असते: कुस्ती संपली की आव्हानही संपते. मल्लखांब टिकला तो अली-गुलाबांमुळे नव्हे, तर गुरूने शिष्याला आणि शिष्याने प्रशिष्याला तो नेमाने शिकविला म्हणून. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरास गेले. तरी ही विद्या बुडाली नाही.

इंग्रजी अमदानीत लेखणीवाल्यांची बैठक खुर्चीवर गेली, एवढाच फरक पडला. किंबहुना परीक्षा, कचेरी, वृत्तपत्र आणि शाळा ह्यांनी बसण्याचे तास वाढविलेच. ह्याच काळात पुण्याने जी माणसे गमावली त्यांची वये वाचताना आजही मन खिन्न होते. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली गेले तेव्हा ३१ वर्षांचे होते. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झाले ते शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात. त्याचे पहिले प्राचार्य, कोशकार वामन शिवराम आपटे, १८९२ साली वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच वारले. त्यांच्या मागून आलेले गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली ३८ व्या वर्षी निवर्तले. इकडे मुंबईस न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९३ साली गेले, तेही अवघ्या ४३ व्या वर्षी. १८९४ साली न्यायमूर्ती रानडे ह्यांनी पदवीधरांच्या अकाली मृत्यूंच्या कारणांचा स्वतंत्रपणे विचार केला, ह्यावरून हा प्रश्न त्या पिढीला किती बोचत होता हे दिसून येते.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. ही सारी माणसे व्यायाम न केल्यामुळे गेली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आगरकरांना दम्याने पछाडले होते. आज ज्यांवर सहज उपाय होतो असे कित्येक रोग त्या काळी असाध्य होते. तथापि विद्वत्ता आणि शरीर ह्यांचा काडीमोड झाला आहे, ही जाणीव त्या मृत्यूंनी सुशिक्षितांच्या मनात रुजविली, एवढे निश्चित.

ह्याच मंडळींतील एकाने त्या प्रश्नाचे उत्तर फार लवकर शोधले होते. बाळ गंगाधर टिळक १८७३ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती अगदी किरकोळ होती. त्यांनी पहिले वर्ष अभ्यासाला रजा देऊन तालीम, कुस्ती आणि पोहणे ह्यांस वाहिले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ते वर्ष परीक्षेच्या दृष्टीने फुकट गेले. परंतु पुढील कष्टांचे, कारावासांचे आणि दगदगीचे ओझे ज्या देहाने वाहिले, त्याची पायाभरणी त्याच वर्षी झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. व्यायाम म्हणजे अमृत नव्हे. उतारवयात मधुमेहाने टिळकांनाही गाठले. तरीही मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून ते परत आले आणि ६४ वर्षे जगले. येथे प्रेरणा होती ती अंगीकारावयाच्या कार्याची. मात्र संसारी कारकुनाला एक सबंध वर्ष तालमीला देता येत नाही. त्याला अर्ध्या तासाचे उत्तर पाहिजे असते.

ते उत्तर औंध संस्थानातून आले. संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. तरुणपणी त्यांनी जगप्रसिद्ध मल्ल सँडो ह्याची उपकरणे व पुस्तके मागवून कित्येक वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. अखेरीस ते वळले ते घरच्या सूर्यनमस्कारांकडे. ह्या निवडीत मोठे व्यवहारज्ञान आहे. उपकरणाला पैसा लागतो, तालमीला जोडीदार लागतो. नमस्कारास साडेतीन हात जागा पुरते. शिवाय स्नान आणि पूजा ह्यांच्या नित्यक्रमात तो सहज बसतो, म्हणजे ‘आज करू की उद्या’ हा वादच मनाशी उरत नाही. मंत्राने श्वासाला ताल मिळतो आणि संख्येने मनाला हिशेब मिळतो. पंतांनी संस्थानातील शाळांत नमस्कार सुरू केले, स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला, १९२८ साली त्यांवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि १९३८ साली त्यांची पद्धत लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

ज्याला एकट्याने नेम पाळवत नाही त्याच्यासाठी महाराष्ट्राने संगतीचा मार्ग काढला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली, तर पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली शिवरामपंत दामले ह्यांच्या पुढाकाराने निघाले. बडोद्यास दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार ह्यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. ज्ञानकोश वाचून दंड पीळदार होत नाहीत हे खरे. पण पुस्तकांत रमणाऱ्या वाचकाच्या घरी व्यायामाला त्यामुळे मानाची जागा मिळाली.

पुढे पाश्चात्त्य शास्त्रानेही ह्याच वाटेने प्रवास केला. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस ह्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, असे तीत आढळले. गाडी एक, मालक एक. फरक मुख्यतः बसण्याउठण्याचा. २००९ साली लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांचे निरीक्षण केले. नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात. कोणाला १८ पुरतात, तर कोणाला २५४ लागतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्यातच दिलाशाची एक गोष्ट आढळली: एखादा दिवस चुकला म्हणून सवयीची घडी मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सुचविले आणि मुळीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही बरे, असे स्पष्ट सांगितले. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा अर्धा तास.

ह्या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ असा की, उत्साह येईल आणि मग व्यायाम करू, असे म्हणणाऱ्याचा उत्साह सहसा येत नाही. आव्हान, भीती आणि महत्त्वाकांक्षा माणसाला पहिल्या दिवशी उठवितात. शंभराव्या दिवशी त्याला उठविणाऱ्या गोष्टी साध्या असतात: ठरलेली वेळ, घरातली जागा, मोजता येईल अशी संख्या आणि जमल्यास एखादा सोबती. बैठी वृत्ती हा गुन्हा नव्हे. तिच्यातूनच निबंधमाला निघाली, कोश निघाले, कॉलेजे उभी राहिली. परंतु ज्या पेठेने आपल्या कॉलेजाचे पहिले दोन्ही प्राचार्य चाळिशीच्या आत गेलेले पाहिले, तिला एवढे तरी उमगावे की लेखणी धरणारा हातही शरीराचाच असतो. बैठक सोडण्याची कोणाला गरज नाही. रोज पहाटे ती अंथरण्यापूर्वी दहा-वीस बैठका मारल्या म्हणजे झाले.