पक्षाघातानंतरची दिनचर्या
पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा वळवायचा, तर मेंदूला तीच हालचाल वारंवार शिकवावी लागते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा रुग्णालयाबरोबरच भौतिकोपचाराचे महाविद्यालयही आहे. परंतु उपचारांचा तास संपला की उरलेला दिवस घरीच जातो. सुधारणेचा वेग सामान्यतः पहिल्या 3 महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणून गुंडी लावणे, भाकरीचा तुकडा मोडणे, भुईमुगाच्या शेंगा सोलणे ही कामे, जमतील तितकी, दुर्बल हातानेच रोज ठरल्या वेळी करावीत. सदरा घालताना तो हात आधी बाहीत घालावा. काढताना मात्र शेवटी. रुग्णाला स्वतः जेवता येत असूनही घरची माणसे मायेपोटी घास भरवतात, आणि नेमके तेच नडते. रक्तदाबाची गोळी, बरे वाटू लागले तरी, वैद्यकीय सल्ल्यावाचून थांबवू नये. दुसऱ्या झटक्याचा धोका तिने कमी होतो.