डायलिसिस आणि रक्तपेशींतील खनिजांचा तोल

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला अपोहन, अर्थात डायलिसिस हा उपचार जीवदान देणारा ठरतो. रक्तात साठलेला युरिया, क्रिएटिनिन, अतिरिक्त पाणी व क्षार या उपचाराने शरीराबाहेर काढले जातात, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. मात्र यंत्रातून शुद्ध होतो तो प्रामुख्याने रक्तातील द्रवभाग, म्हणजे रक्तद्रव होय. तांबड्या व पांढऱ्या पेशींच्या आतील पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, जस्त आदी खनिजांवर या उपचाराचा परिणाम अप्रत्यक्षपणे व सावकाश होतो. पेशीबाहेरील आणि पेशीतील खनिजांमध्ये असलेला हा फरक समजून घेतल्यास रुग्णांना घातल्या जाणाऱ्या आहारविषयक बंधनांचा व वेळापत्रकाच्या आग्रहाचा अर्थ स्पष्ट होतो.

पेशीच्या आत आणि बाहेर

निरोगी व्यक्तीच्या रक्तद्रवात दर लिटरमागे पोटॅशियमचे प्रमाण साधारणतः ३.५ ते ५ मिलिमोल असते. तांबड्या पेशीच्या आत हेच प्रमाण १०० मिलिमोलच्या आसपास, म्हणजे सुमारे पंचवीसपट असते. सोडियमची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. रक्तद्रवात ते दर लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, तर तांबड्या पेशीत अवघे १० मिलिमोलच्या जवळपास आढळते.

हा विषम तोल टिकवून धरण्याचे कार्य पेशीच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप करतो. तीन सोडियम आयन बाहेर टाकून दोन पोटॅशियम आयन आत घेणे, हे त्याचे अखंड चालणारे काम होय. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये या पंपाचा शोध प्रसिद्ध केला व त्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

शरीरातील एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींमध्ये असते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीरात अंदाजे ३,००० मिलिमोल पोटॅशियम असते, असे धरले तर त्यातील जेमतेम ६० मिलिमोल पेशींच्या बाहेर असतात. प्रयोगशाळेतील नेहमीच्या चाचणीत याच अल्पशा भागाचे मोजमाप होते.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर

मूत्रपिंडांचे कार्य मंदावले की अन्नातून येणारे पोटॅशियम, फॉस्फरस व मॅग्नेशियम पुरेशा प्रमाणात बाहेर पडत नाही. रक्तातील आम्लता वाढते आणि त्यामुळे पेशींतील पोटॅशियम बाहेर येण्यास आणखी चालना मिळते. मोठे आतडे काही प्रमाणात अधिक पोटॅशियम बाहेर टाकू लागते. तथापि मूत्रपिंडांची उणीव त्याने भरून निघत नाही.

पेशींच्या आतही बदल घडतात. अमेरिकेतील संशोधकांनी १९६४ मध्ये मूत्रविषबाधा झालेल्या काही रुग्णांच्या तांबड्या पेशींत सोडियमचे प्रमाण वाढल्याचे व पंपाची क्षमता घटल्याचे दाखवून दिले होते. पुढील काळात पांढऱ्या पेशींच्या अभ्यासातही असाच दोष आढळून आला. रक्तात साठलेली काही द्रव्ये पंपाच्या कार्यात अडथळा आणतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. हा दोष सर्वच रुग्णांत सारखा आढळत नाही, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. नियमित डायलिसिस सुरू झाल्यानंतर अनेकांच्या पेशींतील सोडियम पुन्हा कमी होते.

तांबडी पेशी या अभ्यासासाठी सोयीची ठरते, कारण ती साध्या रक्तनमुन्यातून मिळते. मात्र परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसल्याने ती नवे पंप तयार करू शकत नाही. पंपांच्या संख्येतील सुधारणा नव्या पेशी रक्तात आल्यावरच दिसते. निरोगी अवस्थेत तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते व मूत्रपिंडविकारात ते कमी होते.

चार तासांत काय घडते

डायलिसिस यंत्रात रक्त आणि विद्राव यांच्यामध्ये एक अर्धपारगम्य पटल असते. रक्तपेशी व मोठी प्रथिने या पटलातून जाऊ शकत नाहीत. लहान कण मात्र जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातात. विद्रावात पोटॅशियम सामान्यतः दर लिटरमागे २ ते ३ मिलिमोल ठेवलेले असते. त्यामुळे रक्तद्रवातील जादा पोटॅशियम विद्रावात उतरते.

एका सत्रात साधारणतः ७० ते १०० मिलिमोल पोटॅशियम शरीराबाहेर पडते. पेशींबाहेरील एकूण साठ्यापेक्षा हे प्रमाण अधिक आहे. याचाच अर्थ असा, की सत्र सुरू असताना पेशींमधून पोटॅशियम सतत रक्तद्रवात येत राहते. यंत्र जितक्या वेगाने ते काढते, तितक्या वेगाने पेशी ते सोडत नाहीत. म्हणून पहिल्या तासात रक्तद्रवातील पातळी झपाट्याने उतरते, नंतर उताराचा वेग मंदावतो आणि सत्र संपल्यावर पुढील काही तासांत पातळी पुन्हा वर चढते. सत्र संपताच घेतलेल्या नमुन्यातील आकडा यामुळे प्रत्यक्षाहून अधिक समाधानकारक भासतो.

पातळी अतिशय वेगाने उतरवणेही धोक्याचे आहे. हृदयाच्या स्नायूंची विद्युतक्रिया पेशीच्या आतील व बाहेरील पोटॅशियमच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. हे गुणोत्तर अचानक बदलल्यास हृदयाची लय बिघडू शकते. विद्रावातील पोटॅशियम फार कमी ठेवण्याचे तज्ज्ञ टाळतात, ते याच कारणासाठी.

फॉस्फरसच्या बाबतीत ही अडचण अधिक ठळक आहे. युरिया तांबड्या पेशीतून चटकन बाहेर येतो, तर फॉस्फेट फार सावकाश बाहेर पडते. त्यामुळे तीन साप्ताहिक सत्रांनीही आहारातून आलेले सर्व फॉस्फरस निघत नाही व अनेक रुग्णांना जेवणासोबत फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधे घ्यावी लागतात.

मॅग्नेशियम, जस्त आणि सेलेनियम

शरीरातील मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तद्रवात असतो. तांबड्या पेशीत त्याचे प्रमाण रक्तद्रवाच्या दोन ते तीनपट असते. डायलिसिसवरील रुग्णाची मॅग्नेशियमची पातळी बऱ्याच अंशी विद्रावातील त्याच्या प्रमाणावर ठरते. मॅग्नेशियमयुक्त आम्लनाशके व रेचके अशा रुग्णांनी स्वतःहून घेऊ नयेत, असे सांगितले जाते.

रक्तातील बहुतांश जस्त तांबड्या पेशींमध्ये असते. कार्बनडाय ऑक्साइडच्या वहनास साहाय्य करणाऱ्या कार्बोनिक अनहायड्रेज या विकराचा ते घटक आहे. डायलिसिसवरील अनेक रुग्णांच्या रक्तद्रवात जस्त कमी आढळते, परंतु त्याच वेळी तांबड्या पेशीत ते सामान्य किंवा अधिकही असू शकते. केवळ रक्तद्रवाच्या चाचणीवरून जस्ताची गोळी सुरू करणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

सेलेनियम हे पेशींना ऑक्सिडीकरणाच्या हानीपासून वाचवणाऱ्या ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज या विकरासाठी आवश्यक असते. डायलिसिसवरील रुग्णांत त्याचीही कमतरता वारंवार आढळून आली आहे.

लोहाची झीज

शरीरातील सुमारे दोन तृतीयांश लोह हिमोग्लोबिनच्या रूपात तांबड्या पेशींत असते. प्रत्येक सत्रानंतर यंत्राच्या नळ्यांत थोडे रक्त शिल्लक राहते, शिवाय तपासण्यांसाठीही वरचेवर रक्त काढले जाते. अशा रीतीने वर्षाला एक ते तीन ग्रॅम लोह वाया जाऊ शकते. निकामी मूत्रपिंडांत एरिथ्रोपॉयटिन हे संप्रेरकही पुरेसे तयार होत नाही. कृत्रिमरीत्या निर्मिलेल्या एरिथ्रोपॉयटिनला अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली व वारंवार रक्त चढवण्याची गरज बरीच कमी झाली. मात्र लोहाचा साठा पुरेसा नसल्यास या औषधाचा अपेक्षित लाभ होत नाही.

साठवलेल्या रक्ताबाबतही दक्षता घेतली जाते. थंड तापमानात पेशींतील पंप मंदावतो व पोटॅशियम बाहेर झिरपते. म्हणून डायलिसिसवरील रुग्णाला रक्त द्यायचे झाल्यास ते शक्यतो सत्र सुरू असतानाच दिले जाते, जेणेकरून जादा पोटॅशियम लगेच काढता येईल.

पाण्याची शुद्धता

मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने विद्राव वाहत असल्यास चार तासांच्या सत्रात रुग्णाच्या रक्ताचा १२० लिटर पाण्याशी संपर्क येतो. आठवड्यातील तीन सत्रांत हे प्रमाण ३६० लिटर होते. पिण्याच्या पाण्यातील नगण्य अशुद्धीही येथे घातक ठरू शकते. १९७० च्या दशकात पाण्यातील ॲल्युमिनियममुळे रुग्णांना मेंदूविकार, हाडांचे दुखणे व रक्तक्षय झाल्याचे उघड झाले. पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरामाइन आणि नळातून उतरणारे तांबे यांमुळे तांबड्या पेशी फुटतात. यासाठी डायलिसिस केंद्रांत कार्बन गाळणी व व्युत्क्रमी परासरण संयंत्र अनिवार्य मानले जाते.

चाचणीचा अर्थ लावताना

रक्तनमुना घेताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील पोटॅशियम रक्तद्रवात मिसळते व अहवालात खोटी वाढ दिसते. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवणे व मूठ वारंवार वळणे यांमुळेही आकडा वाढतो. शंका असल्यास चाचणी पुन्हा केली जाते. मात्र डायलिसिसवरील रुग्णाचा वाढलेला आकडा खोटा समजून वेळ दवडणे जीवघेणे ठरू शकते. हृदयालेखाची तातडीने तपासणी करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

रुग्णांनी घ्यावयाची काळजी

पोटॅशियमवर मर्यादा असलेल्या रुग्णाला दिवसाला साधारणतः २,००० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियमची मुभा दिली जाते. एका शहाळ्याच्या पाण्यातून त्यातील ५०० ते ७५० मिलिग्रॅम मिळून जातात. एरवी आजाऱ्याला आवर्जून दिले जाणारे शहाळे या रुग्णांना वर्ज्य का, याचे उत्तर या हिशेबात आहे. केळी, सुका मेवा व फळांचे रस यांबाबतही संयम आवश्यक असतो. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास त्यांतील पोटॅशियम कमी होते. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, त्यामुळे ते टाळावे. कमरख हे फळ तर मज्जासंस्थेवर विषारी परिणाम करते व ते पूर्णतः वर्ज्य आहे.

उदरपोकळीतील पटलाद्वारे घरी केल्या जाणाऱ्या पेरिटोनियल डायलिसिसमध्ये हे चढउतार सौम्य असतात. त्या विद्रावात सहसा पोटॅशियम नसल्याने काही रुग्णांत उलट त्याची कमतरता निर्माण होते. एका रुग्णाचे पथ्य दुसऱ्याने जसेच्या तसे पाळू नये.

दोन सत्रांमधील अंतर हा सर्वांत कळीचा मुद्दा होय. आठवड्यातील मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे व हृदयविकाराचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले. भारतात खर्च आणि अंतर यांमुळे अनेक रुग्ण आठवड्यातून दोनच सत्रे घेतात. देशात दरवर्षी अंतिम टप्प्यातील मूत्रपिंडविकाराच्या सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, असे २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणात नमूद करण्यात आले होते. त्याच वर्षी जिल्हा रुग्णालयांत ही सेवा पुरवण्यासाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम हाती घेण्यात आला.

डायलिसिस खनिजांचा तोल काही काळापुरता सावरते. तो अहोरात्र सांभाळण्याचे मूत्रपिंडाचे काम ते पूर्णपणे करू शकत नाही. यशस्वी प्रत्यारोपणानंतर ही जबाबदारी पुन्हा मूत्रपिंडाकडे जाते. तोवर ठरलेले सत्र न चुकवणे, आहाराचे पथ्य पाळणे आणि अचानक स्नायूंचा अशक्तपणा, छातीत धडधड किंवा भोवळ जाणवल्यास पुढील सत्राची वाट न पाहता रुग्णालय गाठणे, या तीन गोष्टी रुग्णाच्या व कुटुंबीयांच्या हाती आहेत.