फुटलेली कुपी, पांढरा झेंडा

७ ऑक्टोबर १७९३ रोजी रीम्सच्या भर चौकात फिलिप रुल या क्रांतिकारी प्रतिनिधीने हातोड्याने एक चिमुकली काचेची कुपी फोडली. फ्रान्सच्या राजांना राज्याभिषेकात लावायचं पवित्र तेल या कुपीत असे. सोळाव्या लुईचं शिर जानेवारीतच उडवलं होतं. आता राजपद ईश्वराने दिलेलं असतं, ही श्रद्धाच मोडायची होती.

१८१४ मध्ये नेपोलियन पडला आणि लुईचा भाऊ, अठरावा लुई, गादीवर आला. त्याने सनद दिली. त्यात संसद होती, कायद्यापुढे समानता होती. क्रांतीत विकलेल्या जमिनीही नव्या मालकांकडेच राहिल्या. तारीख मात्र घातली ‘आमच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष’. तुरुंगात वारलेल्या दहा वर्षांच्या पुतण्यानंतर, १७९५ पासून, राजा आपणच होतो, असा त्याचा हिशोब. मान जुन्याचा राखायचा आणि व्यवहार नव्याचा पाळायचा, हे त्या स्थूल, आजारी राजाला नेमकं कळलं होतं.

त्याचा धाकटा भाऊ दहावा शार्ल याला ते पटलं नाही. २९ मे १८२५ रोजी रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला. फुटलेल्या कुपीतलं थोडं तेल भाविकांनी जपून ठेवलं होतं, असं सांगून तेच नव्या तेलात मिसळलं गेलं. दोन दिवसांनी सदुसष्ट वर्षांच्या या राजाने गंडमाळा झालेल्या सव्वाशेच्या आसपास रोग्यांना, जुन्या प्रथेप्रमाणे, एकेक करून हात लावला. हे ढोंग नव्हतं. शार्लची श्रद्धा खरी होती आणि तीच त्याला नडली.

जुलै १८३० मध्ये त्याने वटहुकूम काढून वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य थांबवलं, नुकतीच निवडून आलेली सभा बरखास्त केली आणि मताधिकार आणखी आवळला. पॅरिसच्या रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. तीन दिवसांत राजधानी हातची गेली. २ ऑगस्टला त्याने नऊ वर्षांच्या नातवासाठी राजत्याग केला, पण गादी गेली चुलतघराण्यातल्या लुई-फिलिपकडे.

तो नातू म्हणजे शांबोरचा काउंट. १८७१ च्या राष्ट्रसभेत राजेशाहीवाल्यांचं बहुमत होतं आणि गादी त्यालाच द्यायची होती. राजधानीत मिरवत जायच्या बग्ग्याही तयार झाल्या. अट एकच होती: क्रांतीचा तिरंगा स्वीकारावा. चौथ्या हेन्रीचा पांढरा झेंडा सोडणार नाही, असं त्याने १८७१ मध्ये कळवलं आणि १८७३ च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच लिहिलं. आजोबांचं दुःख उराशी धरलेल्या त्या माणसाबद्दल हळहळ वाटते. पण त्या तिरंग्याखाली दोन पिढ्या लढल्या होत्या, मेल्या होत्या, आणि त्यांच्या घरच्यांना तो झेंडा परका नव्हता.

३० जानेवारी १८७५ रोजी त्याच सभेने ‘प्रजासत्ताकाचा अध्यक्ष’ हे शब्द कायद्यात घातले. बाजूने ३५३ मतं पडली, विरोधात ३५२.